धुरा कोणी राखायचा?

बी. ए. भाग दोन

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात संगणकाच्या पोटातल्या गोष्टीवर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझे उत्तर साधे आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइड फोन आहे, त्याच्या मुळाशी लिनक्स नावाची प्रणाली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, बापाच्या खात्यावर जमा झालेल्या पैशाचा निरोप, सारे आता याच वाटेने येते. ज्या वाटेने रोज जायचे, तिच्यावरचा पूल कसा बांधला आहे हे विचारायला माणूस अभियंताच असावा लागतो काय?

संगणकात सर्वांत आत एक मुख्य कार्यक्रम असतो. त्याला कर्नेल म्हणतात. आपण गाभा म्हणू. कोणत्या कामाला किती स्मृती द्यायची, कोणते काम आधी चालवायचे, पडदा, कळफलक, कॅमेरा यांच्याशी कसे बोलायचे, हे सारे गाभा पाहतो. नवे यंत्र जोडले की त्याला चालवणारा छोटा भाग गाभ्यात बसवावा लागतो. त्याला मॉड्यूल म्हणतात. बाहेरचा एखादा कार्यक्रम बिघडला तर तेवढाच बंद पडतो. पण गाभ्यातला मॉड्यूल बिघडला तर सबंध यंत्र कोसळू शकते, कारण आत भिंती नाहीत. सारे बिऱ्हाड एकाच वाड्यात.

हा गाभा गेली पन्नास वर्षे बहुतांशी सी या भाषेत लिहिला जात आहे. डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास ती घडवली. आपल्या विदर्भाला तर ती परकी नाहीच. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावरून देशातले असंख्य विद्यार्थी ती शिकले. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिले तेही सीमध्येच. भाषा वेगवान आहे, आटोपशीर आहे. परंतु तिचा एक स्वभाव आहे. ती धुरा राखत नाही.

आमच्या मेडशीकडे वावराच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुरा कोरण्यावरून किती भांडणे होतात हे वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको. संगणकाची स्मृती म्हणजे असेच एक शिवार समजा. एका कामाला वीस गुंठे दिले आणि त्याने एकविसावा गुंठा नांगरला, तर सी भाषा त्याला अडवत नाही. मालकाला परत केलेल्या जमिनीत कोणी पुन्हा पेरणी केली, तरीही ती हूं का चूं करत नाही. राखण करायची ती लिहिणाऱ्याने, आपल्या डोळ्यांत तेल घालून.

हे डोळ्यांतले तेल कधी तरी संपते. १९ जुलै २०२४ रोजी जगाने ते पाहिले. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात बसलेला असतो. त्याच्यासाठी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक नवी फाइल धाडली गेली. त्या भागाला माहितीचे २० रकाने मिळत होते आणि नवा नियम २१ वा रकाना वाचू पाहत होता. एकविसावा नव्हताच, तो धुऱ्यापलीकडे गेला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे निळी पडून बसली. मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांच्या रांगा लागल्या आणि देशात ठिकठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण कोसळलेल्यांपैकी असंख्य यंत्रांपाशी माणसाने स्वतः जाऊन ती उठवावी लागली.

यावर उपाय म्हणून एक नवी भाषा पुढे आली आहे. तिचे नाव रस्ट. ग्रेडन होअर या संगणकतज्ज्ञाने २००६ मध्ये ती सुरू केली. त्याच्या इमारतीतल्या लिफ्टची प्रणाली कोसळली आणि त्याला २१ मजले पायऱ्या चढाव्या लागल्या, तेव्हा हा विचार मनात आला असे सांगतात. पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ मध्ये निघाली. रस्टचा नियम आपल्या सातबाऱ्यासारखा आहे, फरक इतकाच की आपल्या सातबाऱ्यावर दहा भावांची नावे असतात आणि रस्टच्या सातबाऱ्यावर एका वेळी एकच. स्मृतीच्या प्रत्येक तुकड्याला एकच मालक. तो तुकडा उसना देता येतो, पण एक तर अनेकांना नुसता पाहायला, नाही तर एकालाच बदलायला. दोन्ही एकदम नाही. मालक गेला की तुकडा आपोआप मोकळा. हे सारे कार्यक्रम चालण्यापूर्वीच, लिहिलेले भाषांतरित होत असताना तपासले जाते. नियम मोडला असेल तर यंत्र पुढे सरकतच नाही. धुरा ओलांडण्यासारख्या ज्या गोष्टी आधी कळत नाहीत, त्या चालताना तपासल्या जातात.

डिसेंबर २०२२ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या ६.१ या आवृत्तीत रस्टला पहिल्यांदा जागा मिळाली. त्यावरून मोठा वाद माजला. जुन्या मंडळींचे म्हणणे दोन प्रकारचे आहे, आणि त्यातला एक प्रकार मला मुळीच पटत नाही. तो असा : चांगला कारागीर चुकत नाही, जो चुकतो त्याने जपून लिहावे.

मित्रहो, हे वाक्य मी वेगळ्या ठिकाणी ऐकले आहे. आमच्या शेजारच्या एका काकांची दोन बोटे सोयाबीन काढताना मळणीयंत्रात गेली. रात्रीचे काम, पाऊस येईल म्हणून घाई, आणि पेंढी सारायच्या तोंडावर धड आडोसा नाही. गाव काय म्हणाले? “जपून हात घालायचा होता.” यंत्राला आडोसा का नव्हता, हे कोणी विचारले नाही. भारताच्या संसदेने मात्र हा प्रश्न विचारला होता. १९८३ चा धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा मळणीयंत्रे डोळ्यांपुढे ठेवूनच झाला आणि त्याने सुरक्षिततेची जबाबदारी यंत्र बनवणाऱ्यावरही टाकली. माणूस दमतो, घाई करतो, त्याचे लक्ष उडते, हे गृहीत धरूनच यंत्र घडवले पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे. मग लाखो ओळींचा गाभा लिहिणाऱ्या माणसाला वेगळा न्याय का?

आकडेही हेच सांगतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले की, आपण दरवर्षी बुजवतो त्या सुरक्षेच्या भोकांपैकी सुमारे ७० टक्के या स्मृतीच्या चुकांमुळे पडतात. मायक्रोसॉफ्टमधले कारागीर अडाणी होते काय? अँड्रॉइडमध्ये अशा भोकांचे प्रमाण २०१९ साली ७६ टक्के होते. २०२४ मध्ये ते २४ टक्क्यांवर आले. त्यांनी जुने सारे पाडून नवे बांधले नाही. जुने तसेच ठेवून नवे लिखाण सुरक्षित भाषांत करत गेले, एवढेच.

विरोधकांचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. एका घरात दोन भाषा आल्या की, सीच्या बाजूने एक खांब हलवला तर रस्टच्या बाजूची भिंत कोण सावरणार? तीस वर्षे राबून ज्यांनी गाभा सांभाळला, त्यांच्यावर हे नवे ओझे का? या ओढाताणीत २०२४ मध्ये रस्टच्या बाजूचा एक प्रमुख कार्यकर्ता थकून बाजूला झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी मध्यम मार्ग काढला : ज्याला रस्ट नको त्याच्यावर सक्ती नाही, पण आपल्या हद्दीबाहेरच्या रस्टला त्याने आडवे येऊ नये. मला हा निवाडा रास्त वाटतो. डिसेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या बैठकीत रस्टचा ‘प्रयोग’ हा शिक्काही पुसला गेला.

रस्ट म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. यंत्राशी थेट बोलताना काही ठिकाणी तिचीही राखण बाजूला ठेवावी लागते, आणि त्या ओळींवर ‘असुरक्षित’ अशी खूण करावी लागते. त्याच डिसेंबरात लिनक्समधल्या रस्टच्या लिखाणात नोंदलेले पहिले भोक सापडले, ते अशाच खुणेच्या ओळींपाशी. क्राउडस्ट्राइकच्या बाबतीतही एकविसावा रकाना रस्टने पकडला असता, पण पुढे काय करायचे हे नीट लिहिले नसते तर यंत्र थांबलेच असते. फायदा असा की, शोधायचे कुठे हे ठाऊक असते. सबंध शिवार धुंडाळण्यापेक्षा खूण केलेला एक कोपरा तपासणे सोपे.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. माझ्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिला. ‘जपून कर’ हा सल्ला त्यालाच उपयोगी पडतो, ज्याच्या घरी कसे जपायचे हे सांगणारे कोणी असते. आमच्यासारख्यांना चूक झाल्यावर कळते, तीही चारचौघांत. रस्ट शिकायला कठीण आहे असे सगळेच म्हणतात. पण ती चूक आधी दाखवते, कुठे झाली ते सांगते, पुष्कळदा दुरुस्तीही सुचवते, आणि शंभराव्या वेळी विचारले तरी कंटाळत नाही. जाणत्याच्या पोटी जन्म न घेतलेल्याला असा गुरू फार मोलाचा. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याला १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. मुरंब्याहून जे जाऊ शकले, ते मेडशीहूनही जाऊ शकेल.

म्हणून प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे. आपल्याकडे संगणकाचा जोडवर्ग निघतो, त्यात टंकलेखन आणि तक्ते शिकवून थांबू नका. यंत्राच्या आत काय आहे, ते कोणी आणि कोणत्या भाषेत लिहिले, चूक झाली तर भरपाई कोण करतो, हे चार तास तरी मराठीतून शिकवा. आणि वर्गमित्रांनो, उद्या एखादे यंत्र बंद पडले आणि खिडकीमागचा माणूस आपल्यावरच खेकसला, तर मान खाली घालण्याआधी एवढे जरूर विचारा : या यंत्राचा धुरा राखायचे काम कोणाचे होते?