न कळण्याचा अधिकार

दीर्घ अद्भुतकथेच्या दारात नव्या वाचकाने पाऊल टाकण्यापूर्वीच त्याच्या हातात काठी देण्याची घाई अलीकडे फार होऊ लागली आहे. कोणत्या खंडापासून सुरुवात करावी, कोणते खंड वगळले तरी चालतील, कोणत्या पानापर्यंत धीर धरावा आणि कोणत्या पानानंतर 'सगळे कळू लागते' ह्यांची शिफारसपत्रे सिद्धच असतात. ती देणारे पुष्कळदा त्या ग्रंथांचे भक्त असतात आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ह्या भक्तांनी, आणि त्यांच्या विरुद्ध टोकाला उभ्या असलेल्या, अद्भुताचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्या विद्यापीठीय समीक्षकांनी मिळून नव्या वाचकाची एक गोष्ट हिरावून घेतली आहे : आरंभी काही न कळण्याचा त्याचा अधिकार.

स्टीव्हन एरिक्सन ह्या कॅनेडियन लेखकाची 'द मलाझन बुक ऑफ द फॉलन' ही ग्रंथमाला अशा उपदेशाचे ठळक लक्ष्य ठरली आहे. 'गार्डन्स ऑफ द मून' हा तिचा पहिला खंड १९९९ साली आणि 'द क्रिपल्ड गॉड' हा दहावा २०११ साली प्रसिद्ध झाला. एकूण विस्तार तीस लाख शब्दांहून अधिक. एरिक्सन शिक्षणाने मानववंशशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ. ह्या जगाची उभारणी त्याने इयन एसलमाँट ह्या मित्रासह १९८० च्या दशकात केली, आणि तीही आधी सोंगे घेऊन खेळायच्या एका खेळासाठी. कादंबऱ्या मागाहून आल्या. म्हणजे पहिल्या खंडाचे पहिले वाक्य छापले जाण्याआधीच तिथली साम्राज्ये, देवदेवता, वंश आणि वैरे लेखकाच्या लेखी घडून गेलेली होती. वाचक पोहोचतो तो एका लांबलेल्या प्रकरणाच्या उत्तरार्धात. किल्ल्याच्या तटावर एक मुलगा उभा आहे. खाली शहरातली एक वस्ती जळते आहे. जवळचा सैनिक त्याच्याशी तुटक बोलतो. पुढे वर्षे उलटतात, आणि थोड्याच पानांत दूरच्या भूखंडावरचा एक वेढा संपत आलेला असतो. कोण कोणाच्या बाजूचा, हे वाचकाने विचारावे तर उत्तर देणारे कोणी नाही. जादू ज्या मार्गांनी वाहते त्यांना ह्या जगात 'वॉरन' म्हणतात. पण ते कोणी कोणाला समजावून सांगत नाही. लोहार भात्याविषयी बोलतो तितक्या सहजपणे सैनिक त्याविषयी बोलतात, आणि तो शब्द चार वेळा चार प्रसंगांत कानावर पडल्यावर वाचकाला आपोआप उमगतो. भाषा मुळात अशीच शिकली जाते. मूल व्याकरण पाठ करून बोलू लागत नाही.

घास भरवणे आपल्याला मान्य नाही, असे एरिक्सनने ह्या खंडाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. तरीही भक्तमंडळी घास भरवतातच. 'पहिला खंड कठीण आहे, म्हणून त्याचा सारांश वाचून दुसऱ्यापासून आरंभ करा' हा त्यांचा आवडता सल्ला. ह्यात गंमत अशी की 'डेडहाउस गेट्स' हा दुसरा खंड (२०००) वेगळ्याच भूखंडावर घडतो. पहिल्यातली मोजकीच माणसे त्यात आहेत, आणि सारांश पाठ केलेल्यालाही तिथे पुन्हा अनोळखीच व्हावे लागते. पाचव्या खंडाशी, 'मिडनाइट टाइड्स'शी (२००४), तर सगळी रंगभूमीच बदलते. चौथ्याच्या उपोद्घातात ट्रल सेंगार नावाचा एक बहिष्कृत मनुष्य बुडत्या जगातल्या भिंतीला साखळदंडांनी जखडलेला दिसतो. त्याने काय केले, त्याला कोणी जखडले, हे तिथे कळत नाही. पुढे तो आपल्या सोबत्याला स्वतःची कहाणी सांगायला बसतो, आणि ती कहाणी म्हणजे पाचवा खंड. फळ आधी, बीज नंतर. ह्या लेखकाची सारी कला ह्या उलट्या क्रमात आहे. तो क्रम सुलटा करून देणारा मार्गदर्शक कथेतला मजकूर शाबूत ठेवतो आणि कथा नाहीशी करतो.

दुसऱ्याच खंडातील निर्वासितांच्या वाटचालीचे उदाहरण ह्या दृष्टीने फार बोलके आहे. कोल्टेन नावाचा सेनापती अपुऱ्या सैन्यानिशी हजारो निर्वासितांना बंडाने पेटलेल्या मुलखातून घेऊन निघतो. साम्राज्याने हा मुलूख का जिंकला, बंडखोरांचा धर्म कोणता, राजधानीत कोण कोणाविरुद्ध कारस्थान करीत आहे, ह्यांतले निम्मेसुद्धा वाचकाला ठाऊक नसते. तरी पाणवठ्यापाशी माणसे आणि जनावरे कोसळू लागतात तेव्हा त्याचा जीव गोळा होतो. भाव पोहोचण्यासाठी तपशिलाची वाट पाहावी लागत नाही. रसाची चर्चा हजार वर्षे करणाऱ्या देशात हे सांगावे लागावे, हे थोडे चमत्कारिकच.

आणि ह्याच देशात दीर्घ कथेचा आरंभ कोठून करावा हा प्रश्न सर्वांत मोठ्या ग्रंथाने स्वतःच विचारून ठेवला आहे. कोणी मनूपासून, कोणी आस्तीकाच्या आख्यानापासून, तर कोणी उपरिचर राजापासून भारताचे अध्ययन आरंभतात, असे आदिपर्वच नमूद करते. तीन दारे, आणि ग्रंथ त्यांतले एकही बंद करीत नाही. जो पहिल्या पानापासून वाचतो त्याची स्थिती तर मलाझनच्या वाचकाहून बिकट. नैमिषारण्यात शौनकाचे सत्र चालू आहे, सौती येतो, जनमेजयाच्या सर्पसत्रात ऐकलेले सांगू लागतो. मग उत्तंकाची कुंडले, भृगूंचा वंश, कद्रू आणि विनता, गरुडाचे अमृतहरण. चिकित्सक आवृत्तीच्या हिशेबाने पन्नासाहून अधिक अध्याय उलटतात तेव्हा कुठे कुरुवंशाच्या कथेकडे जायचा रस्ता दिसतो. ही आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढ्या काळात सिद्ध केली. इतकी वर्षे पाठभेद तपासणाऱ्या पंडितांपैकी कोणी 'आरंभीची पर्वे कंटाळवाणी आहेत, सभापर्वापासून वाचा' असे सुचवल्याचे ऐकिवात नाही.

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. महाभारत आपला सारांश पहिल्याच अध्यायांत देते. धृतराष्ट्राचा विलाप आणि पर्वसंग्रह ह्यांत सगळे युद्ध सांगून होते. मग सारांशाला एवढा विरोध का? परंतु तो विलाप अनभिज्ञ माणसाने वाचून पाहावा. जतुगृह, स्वयंवर, द्यूत, विराटनगर, एकामागून एक नावे आणि घाव येतात, आणि प्रत्येक वेळी एका वृद्धाची आशा विझते. ज्याला कथा ठाऊक नाही त्याला त्यातून कथा कळत नाही. कळते ती एवढीच गोष्ट की फार मोठे काही घडून गेले आहे आणि सांगणारा त्यातून सावरलेला नाही. मार्गदर्शकाच्या सारांशाने अंधार नाहीसा होतो. व्यासांच्या सारांशाने त्या अंधाराला खोली येते.

गणेशाची आख्यायिका चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली, ते संपादनदृष्ट्या योग्यच झाले. परंतु तिचा वाङ्मयीन अर्थ त्यामुळे परिशिष्टात जात नाही. लेखणी थांबू देणार नाही ही गणेशाची अट, आणि अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही ही व्यासांची. म्हणून मधूनमधून कूटश्लोक, परंपरेच्या मोजणीप्रमाणे ८,८००. ज्या संस्कृतीने बुद्धीच्या देवतेलाही क्षणभर अडवून ठेवणे हे कवीचे कौशल्य मानले, तिच्या वारसांना पहिल्या दोनशे पानांत अडायला होते म्हणून लाज वाटावी, हे शिक्षणपद्धतीचे फळ आहे. परीक्षेला बसणाऱ्याला न कळणे परवडत नाही. वाचकाला ते परवडते. किंबहुना तेवढ्याचसाठी तो वाचक असतो.

मराठी श्रोत्याला तर ही गोष्ट नवी असायचे कारणच नाही. कीर्तनात नलदमयंतीचे आख्यान ऐकलेला मनुष्य वनपर्वात मध्येच शिरलेला असे. ते कोण कोणाला, कोणत्या अरण्यात, का सांगत आहे, ह्याचा पत्ता त्याला वर्षानुवर्षांनी लागे, किंवा लागतही नसे. उत्तरेकडे दास्तानगोईचे तेच. 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे आठ खंड लखनौच्या नवलकिशोर मुद्रणालयाने १८८३ ते १८९३ ह्या काळात छापले. अमीर हमज्याच्या दास्तानचे एकूण खंड ४६. संध्याकाळी चौकात बसणारा श्रोता त्यातल्या एखाद्या ऐयाराच्या करामतीपाशी दाखल होई आणि तिथूनच रंगे.

विद्यापीठीय समीक्षेची गत निराळी आहे. तिला नव्या वाचकाने हे दार ओलांडावे असेच वाटत नाही. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' १८८८ साली आली आणि पुढे 'चंद्रकांता संतति'चे २४ भाग निघाले. आचार्य रामचंद्र शुक्ल ह्यांनी आपल्या इतिहासात मोकळेपणाने लिहिले की खत्रींनी जेवढे वाचक निर्माण केले तेवढे दुसऱ्या कोणी केले नाहीत आणि कित्येक उर्दू जाणणारे केवळ ह्या कादंबऱ्यांसाठी हिंदी शिकले. आणि तरीही त्या साहित्याच्या कोटीत बसत नाहीत असा निर्णय दिला. एखाद्या ग्रंथासाठी माणसे लिपी शिकतात, आणि तो ग्रंथ साहित्य नव्हे! मराठीत 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) ह्यांचा उल्लेख वाङ्मयेतिहासात होतो तो बहुधा हरिभाऊ आपट्यांपूर्वीचे बालपण म्हणून. बालपण ओलांडायचे असते, हा त्यातला गर्भित उपदेश. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर प्रौढ वाचकांनी हजारो पानांच्या अद्भुतकथा वाचायला घेतल्या तेव्हा ह्या समीक्षेपाशी त्यांच्यासाठी एक शब्दही तयार नव्हता. 'पलायनवाद' तेवढा होता.

क्रमवाद्यांचा एक पराक्रम मात्र नोंदवून ठेवण्याजोगा आहे. सी. एस. लुइस ह्यांच्या 'नार्निया' मालेतील पहिले पुस्तक १९५० साली प्रसिद्ध झाले. त्यात कपड्यांच्या कपाटातून एक मुलगी बर्फाळ रानात येते आणि तिथे, कोणी लावला ठाऊक नाही, एक दिव्याचा खांब उभा असतो. त्या खांबाचा उगम सांगणारे पुस्तक १९५५ सालचे. १९९४ मध्ये प्रकाशकांनी लेखकाच्या एका जुन्या पत्राचा आधार घेऊन माला कथाकालानुसार पुन्हा क्रमांकित केली. तेव्हापासून ती क्रमवारी पाळणारे मूल दिव्याचा जन्म आधी पाहते आणि मग दिवा पाहते. त्या खांबापाशी त्याला थबकायला काही उरले नाही. मलाझनच्या बाबतीतही एरिक्सन आणि एसलमाँट ह्या दोघांचे ग्रंथ कालानुक्रमे एकत्र ओवण्याचे उद्योग झाले आहेत. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाला हे शोभले असते.

माला पूर्ण झाल्याशिवाय आरंभच करू नये, हा आणखी एक व्यवहारी सल्ला. रॉबर्ट जॉर्डन 'द व्हील ऑफ टाइम' अपुरी टाकून २००७ साली वारला आणि ब्रँडन सँडरसनने ती २०१३ मध्ये पूर्ण केली. जॉर्ज मार्टिनच्या मालेचा पाचवा खंड २०११ साली आल्यावर सहाव्यासाठी वाचक वर्षानुवर्षे खोळंबले. खत्रींचा 'भूतनाथ'सुद्धा त्यांच्या मागे मुलाने पुरा केला. म्हणून 'भूतनाथ' कोणी हाती धरला नाही असे झाले नाही.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. दहा जाडजूड खंड विकत घेणे इथल्या सामान्य वाचकाला परवडत नाही. दिवसाच्या अखेरीस त्याच्यापाशी अर्धा तास उरतो, आणि त्या अर्ध्या तासात पन्नास अपरिचित नावे वाचून तो पुस्तक मिटतो. त्याला ते मिटण्याचा पूर्ण हक्क आहे. 'गार्डन्स ऑफ द मून' निर्दोषही नाही. त्यातले योगायोग ओढून आणलेले आहेत. पात्रे कधी कधी खेळातल्या सोंगट्यांसारखी हलतात. आधी पटकथा म्हणून रचलेल्या मजकुराची घाई पुष्कळ ठिकाणी उघडी पडते. हे दोष आणि न कळणे ह्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. सुजाण वाचक त्या स्वतः वेगळ्या करू शकतो. त्याच्या वतीने आधीच कंटाळून घेण्याचे काम कोणी कोणाला सोपवलेले नाही.

लेखकाने स्वतःच आरंभी पात्रांची यादी आणि शेवटी शब्दसूची दिली आहे, असेही म्हटले जाईल. दिली आहे. यादीत नाव आणि हुद्दा असतो, त्या माणसाचे पुढे काय होते ते नसते. वाट चुकलेल्याने विचारावे म्हणून ती तिथे आहे. निघण्याआधी पाठ करण्यासाठी नव्हे.

भारतीय भाषांतल्या अनुवादकांपुढे हा प्रश्न विशेष तीव्रतेने येणार आहे. 'वॉरन'ला प्रतिशब्द घडवताना त्याच्या शेजारी दोन ओळींचा खुलासा घुसडावा, पहिला खंड निम्म्यावर आणावा, आरंभी 'कथेची पूर्वपीठिका' जोडावी, असा आग्रह प्रकाशक धरतील, आणि संक्षिप्त रूपांतरांना सरावलेल्या मराठीत तो आग्रह वाचकांच्या सोयीच्या नावाने सहज खपून जाईल. ह्याच मराठीत विसाव्या शतकाच्या आरंभी चिपळूणकर आणि मंडळीने संपूर्ण महाभारताचे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा ग्रंथाचा कर्ता, काळ, भूगोल, समाजस्थिती अशा शेकडो प्रश्नांची उकल करणारा एक स्वतंत्र ग्रंथ चिंतामण विनायक वैद्यांकडून लिहवून घेतला. तो १९१८ साली निघाला. वाचकाला सगळी पर्वे आधी देऊन झाली होती, आणि वैद्यांच्या ग्रंथाचे नाव होते 'उपसंहार'.