मेणबत्ती विझली की पुन्हा पहिल्यापासून

पाणी काढून टाकलेल्या कुंडातून एक माणूस पेटती मेणबत्ती घेऊन निघाला आहे. तार्कोव्हस्कीच्या ‘नोस्टाल्जिया’मधला (१९८३) हा रशियन कवी, गोर्चाकोव्ह. लोकांनी वेडा ठरवलेल्या डोमेनिकोला त्याने शब्द दिलाय: ज्योत विझू न देता हे गरम पाण्याचं कुंड पार करीन. ज्योत विझते. तो मागे फिरतो, मेणबत्ती पेटवतो, पुन्हा निघतो. पुन्हा विझते. तिसऱ्या खेपेला, कोटाचा आडोसा करत, तो पलीकडे पोचतो. जवळजवळ नऊ मिनिटं, मध्ये एकही कट नाही. किती वेळा पाहिलं तरी इथे माझा श्वास आपोआप मंद होतो. आपल्या श्वासानेच ज्योत हलेल असं वाटतं.

कसबी संकलकाने हे अर्ध्या मिनिटात बसवलं असतं. पाऊल, ज्योत, चेहरा, पलीकडची भिंत. गोष्ट तीच राहिली असती, पण दोन शॉटच्या मधल्या फटीत कुणी हळूच काडी ओढली नाही ना, ही शंका उरली असती. लाँग टेकची, म्हणजे कट न घेता लांबवलेल्या शॉटची, माझी कसोटी एवढीच: इथे कट घेतला असता तर काय हरवलं असतं? हल्ली जाहिरातीत शॉट किती मिनिटांचा ते मोठ्या अक्षरांत छापतात. त्या आकड्याने मी हुरळून जात नाही.

मेहनत मोठीच असते, हे मान्य. सोकुरोव्हच्या ‘रशियन आर्क’साठी (२००२) टिलमन ब्यूटनर स्टेडिकॅम अंगावर बांधून सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातून ९६ मिनिटं सलग चालला. २३ डिसेंबर २००१ चा, हिवाळ्यातला आखूड दिवस. तीन प्रयत्न फसले, चौथा साधला. पण तो सिनेमा माझ्या मनात राहिला तो एका दालनातून दुसऱ्यात जाताना शतक बदलतं आणि उंबरठा जाणवत नाही, म्हणून.

कॅमेरा धावलाच पाहिजे असंही नाही. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) मृणाल देसाईंचा कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. लांबून, रुंद चौकटीत, तो तारखांमागून तारखा पाहत राहतो. न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते तेव्हाचा शॉट मला मराठी सिनेमातला सर्वांत निर्भीड वाटतो. माणसं निघून जातात, दिवे एकेक करून बंद होतात, दारं लागतात. दुसरा कुणीही दिग्दर्शक इथे पुढच्या दृश्याकडे वळला असता. ताम्हाणे थांबतात. पडदा काळा होतो आणि बराच वेळ काळाच राहतो. खटल्यातले आरोपी, लोकशाहीर नारायण कांबळे, कोठडीतच आहेत, हे त्या अंधारात कुणी सांगावं लागत नाही.

पुढच्या दृश्यात न्यायाधीश सहलीला निघालेले असतात.