शंभरात चार, पण कोणते चार?

फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लागली की त्यात 'अमुक रोगाचे भाकीत' असं एक तरी शीर्षक असतंच. नेटवरून डेटासेट उतरवायचा, मॉडेल चालवायचं, अॅक्युरसी ९६ टक्के, एक्स्टर्नल खूश! माझा आक्षेप त्या ९६ वर आहे. उदाहरण मुद्दाम अवघड घेतो... स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन.

गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असली तर नुसती गाठ काढून भागत नाही. ते डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा एवढं सगळं काढून उरलेलं पुन्हा आतड्याला जोडतात. न्यूयॉर्कच्या अॅलन व्हिपल यांनी १९३५ साली ही पद्धत मांडली, म्हणून हे 'व्हिपल'. आपल्या भाषेत तीन नवे जॉइंट. आणि स्वादुपिंडाचा जॉइंट गळला की पाचक रस पोटात पसरतो. १९६०-७० च्या सुमारास चारातला एक पेशंट दगावायचा. आता मोठ्या केंद्रांत शंभरात पाचाच्या आत.

समजा शंभरात चार दगावतात. तर डोळे मिटून 'कोणीच मरणार नाही' म्हणणारं मॉडेलही ९६ टक्के बरोबर! त्याला कॉम्प्युटर कशाला लागतो?

दुसरं म्हणजे 'लवकर मृत्यू' ही एक गोष्ट नाहीच, दोन आहेत. महिन्या-तीन महिन्यांत गेलेला माणूस बहुधा ऑपरेशनच्या भाराने जातो. तिथे वय, हृदय, फुप्फुसं, रक्तातलं अल्ब्युमिन बघायचं. वर्षाच्या आत गेलेला बहुतेकदा कॅन्सर उलटल्यामुळे जातो. तिथे सीए १९-९ सारखी रक्ततपासणी आणि गाठीचा पसारा बोलतो. (काही लोकांच्या रक्तात सीए १९-९ जन्मतःच तयार होत नाही, हेही आलंच.) पहिला धोका मोठा असेल तर आधी खाणंपिणं, ताकद सुधारा. दुसरा असेल तर आधी केमो, मग ऑपरेशनचं बघू. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की डॉक्टरने त्या आकड्याचं करायचं काय? शिवाय सर्जनने आधीच नाही म्हटलेले पेशंट ऑपरेशनच्या डेटात येतच नाहीत.

अमेरिकन सर्जन्सच्या संघटनेचा रिस्क कॅल्क्युलेटर २०१३ पासून आहे. पेशंटची वीसेक प्रकारची माहिती भरा, टक्के मिळतात. चांगली सोय आहे. पण हॉस्पिटल कोणतं, हे तो विचारत नाही. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात अशी ऑपरेशनं क्वचितच करणाऱ्या हॉस्पिटलांत मृत्यू १६.३ टक्के, भरपूर करणाऱ्यांत ३.८! म्हणजे सगळा हिशेब पेशंटच्या शरीराचा, आणि हॉस्पिटल नामानिराळं.

म्हणून माझं मत: हा आकडा आधी पेशंटच्या घरच्यांना सांगावा, 'इथे वर्षाला अशी किती होतात' याच्या उत्तरासकट. हॉस्पिटलने आपला रेकॉर्ड स्वच्छ ठेवण्यासाठी अवघड पेशंट परतवायला तो वापरला, तर त्यापेक्षा आकडा नसलेला बरा.

आणि प्रोजेक्टवाल्यांनो, रिपोर्टमध्ये एक तक्ता टाकाच: ज्यांना दहा टक्के धोका सांगितला, त्यातले शंभरात प्रत्यक्ष किती गेले? तो ९६ इतका भारी दिसणार नाही. एक्स्टर्नलचं काय ते गाइड बघतील.