अकरावीचें गणित : कोणी घ्यावें, कसें घ्यावें ?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं दहावीच्या मुलामुलींपुढें प्रवेशाचा अर्ज येऊन पडतो. शाखा कोणती व विषय कोणते, हें त्यांत लिहावयाचें असतें. त्यांतहि गणित घ्यावें कीं सोडावें, या प्रश्नावर घराघरांत जितका खल होतो तितका दुसऱ्या कशावरहि होत नसेल. याविषयीं आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस व त्यांच्या पालकांस दोन शब्द सांगावे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. दहावीपर्यंत वाट एक असते. अकरावींत ती फुटते. आपल्या राज्यांत कला व विज्ञान शाखांचें गणित एक, तर वाणिज्य शाखेचें दुसरें. 2019 सालीं अकरावीचीं व 2020 सालीं बारावीचीं जीं पाठ्यपुस्तकें निघालीं, त्यांत पहिल्या वाटेवर शांकव, संमिश्र संख्या, सदिश, विकलन व संकलन हे प्रांत लागतात. दुसऱ्या वाटेवर विकलन-संकलन बेताचें, पण दलाली, विमा, निर्देशांक असे व्यवहाराचे विषय भेटतात. वाणिज्य शाखेंत गणिताऐवजीं चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेण्याची, व विज्ञान शाखेंत गणित सोडून जीवशास्त्र घेण्याचीहि सोय आहे.

या वाटा निवडतांना दोन चुका होतात. पहिली भीतीची. गणित सोडलें कीं सुटलों, असें मुलांस वाटतें, आणि मुलगी असली तर “तिला काय करावयाचें गणित?” असें म्हणणारीं माणसें अजूनहि आहेत. परंतु अभियांत्रिकीच बंद होते असें नव्हे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची नौदल व वायुदल शाखा, भारतीय सांख्यिकी संस्थेची संख्याशास्त्राची पदवी, इतकेंच काय, दिल्ली विद्यापीठाची अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी, यांसहि बारावीस गणित लागतें. हें पुष्कळांस दार लागल्यावर कळतें.

दुसरी चूक प्रतिष्ठेची. मोठें गणित घेतलें कीं मुलगा हुशार ठरतो, ही ती समजूत. वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेंत गणित नसतांहि “असूं द्या, दोन्ही दारें उघडीं राहतील” म्हणून जीवशास्त्राबरोबर गणिताचेंहि ओझें पाठीवर देणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. ज्यास तें झेपेल त्यानें तें अवश्य घ्यावें. पण झेपेल कीं नाहीं हें कोणी पाहिलें आहे काय?

दहावीचे गुण येथें पुरेसे साक्षी नव्हेत. ठराविक नमुने घोकून नव्वद गुण मिळविणारा विद्यार्थी अकरावींत अडतो, तो नव्या भागावर नव्हे, तर जुन्यावर. क्षच्या वर्गांतून 9 वजा करून बाकीस (क्ष – 3) नें भागलें, आणि क्षची किंमत 3 च्या जवळ जवळ नेली, तर उत्तर कशाच्या जवळ जाईल ? ज्यास अवयव पाडतां येतात त्यास (क्ष + 3) उरलेला दिसतो व 6 हें उत्तर तत्काळ मिळतें. ज्यास ते येत नाहींत तो शून्यास शून्यानें भागीत बसतो, आणि विकलन कठीण आहे असें समजतो.

आमच्या पाहण्यांतील एका मुलाचें असेंच झालें. वडिलांची इच्छा म्हणून त्यानें गणित घेतलें. दिवाळीनंतर त्याची वही कोरी राहूं लागली. घरीं कोणी विचारलें तर “चाललें आहे” एवढेंच उत्तर. तो आळशी नव्हता. त्याचा पाया पूर्वींच खचला होता, व तें त्यास कोणी विचारलेंच नव्हतें.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अर्ज भरण्यापूर्वीं, सुटींतल्या एखाद्या सकाळीं, मुलानें कोरे कागद घेऊन एकट्यानें बसावें. अवयव, अपूर्णांक, वर्गसमीकरणें, समरूप त्रिकोण व त्रिकोणमिति यांवरील वीस उदाहरणें मार्गदर्शकाशिवाय सोडवावीं, आणि प्रत्येक पायरी कां केली हें दुसऱ्यास समजावून सांगावें. बहुतेक साधलीं तर निःशंक गणित घ्यावें. पुढील वाटेस गणित हवें, पण पाया कच्चा आहे, असें दिसलें तर आठवी-नववीचीं पुस्तकें काढून सुटी त्यांस द्यावी. यांत कमीपणा नाहीं. लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष शरीर कमाविण्यांत घालविलें. पुढें गणित घेऊनच ते पदवीधर झाले. आणि ज्याची वाटच निराळी आहे त्यानें गणित सोडावें. मात्र तें विचारानें सोडावें, भिऊन नव्हे.

पालकांस एकच विनंति. त्या सकाळचे कागद पाहतांना रागावूं नये. मुलानें आपली उणीव मोकळेपणानें दाखविली, तर पुढील दोन वर्षांचें अर्धें काम तेथेंच झालें असें समजावें.