जंतांचे जनुक ‘गप्प’ केले, म्हणजे नवे औषध आले का?

दर वर्षी १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते. त्यामुळे जंत म्हटले की हीच गोळी, असा अनेकांचा समज झाला आहे. ही मोहीम आतड्यातल्या गोल जंतांसाठी आहे. चपटे जंत वेगळे: डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी, गुराढोरांच्या यकृतातला लिव्हर फ्लूक आणि थेट रक्तवाहिन्यांत राहणारा शिस्टोसोमा. ‘जीन सायलेन्सिंगने जंतांचा नायनाट’ अशा बातम्या येतात, त्या बहुतेक या शिस्टोसोमाबद्दल असतात.

हा आफ्रिकेतला आजार, आपल्याला काय त्याचे, असे वाटेल. पण १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातील गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण असल्याचे प्रसिद्ध केले. ओढ्यातली फेरिसिया ही इवलीशी गोगलगाय या जंताला थारा देते, असे तेव्हा आढळले. विक्रोळीत माझ्याकडे येणाऱ्यांत कोकणातली कुटुंबे भरपूर, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता जनुक गप्प करणे म्हणजे काय? उडप्याच्या हॉटेलचे उदाहरण घ्या. पाककृतीची वही गल्ल्यामागे सुरक्षित आहे, वेटर ऑर्डरची चिठ्ठी स्वयंपाकघरात नेतो. वहीला हात न लावता ती चिठ्ठीच वाटेत फाडली, तर पदार्थ बनणार नाही. वही म्हणजे डीएनए, चिठ्ठी म्हणजे आरएनए, पदार्थ म्हणजे प्रथिन. विशिष्ट जनुकाशी जुळणारा दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत गेला की पेशी त्याचे तुकडे करते आणि त्यांच्या मदतीने नेमकी तीच चिठ्ठी फाडते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी हे १९९८ मध्ये एका सूक्ष्म गोल कृमीत दाखवले, २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. शिस्टोसोमात ही युक्ती २००३ पासून वापरात आहे.

मोठे काम २०२० मध्ये झाले. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने शिस्टोसोमाची २,२१६ जनुके एकेक करून गप्प केली. निरोगी जंत चोषकाने काचेच्या बशीला चिकटून राहतो, जगण्यासाठी गरजेचे जनुक गप्प झाले की त्याची पकड सुटते. साधीच खूण, पण कामाची. टीएओ आणि एसटीके२५ ही दोन एन्झाइम गप्प करताच जंत लुळे पडले, आणि असे जंत उंदरांत सोडले तर तिथे तगले नाहीत.

एवढी धडपड कशासाठी? कारण या आजारावर भिस्त एकाच औषधावर आहे, प्राझिक्वांटेल. ते १९८०च्या आसपासपासून वापरात आहे, पण नेमके जंताच्या कोणत्या भागावर घाव घालते ते २०१९ मध्ये कुठे कळले. कोवळ्या जंतांवर ते फारसे चालत नाही. जगात २५ कोटींहून अधिक लोकांना प्रतिबंधक उपचाराची गरज असताना एकाच गोळीवर अवलंबून राहणे मला धोक्याचे वाटते. २०२४ मध्ये लहान मुलांसाठी अरप्राझिक्वांटेल या विरघळणाऱ्या गोळीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली. चांगलेच झाले, पण मूळ औषध तेच.

जनुक गप्प करणे हे मात्र औषध नव्हे, ते चाचपणीचे हत्यार आहे. कुठे मारायचे ते कळते, मारणारा रेणू नंतर शोधावा लागतो. शिवाय सगळी जनुके सारखी गप्प होत नाहीत, आणि जुने प्रथिन काही दिवस टिकून राहते. त्यामुळे ‘काही फरक पडला नाही’ हा निकाल जपून वाचावा.

तोवर तुमच्या हातात काय? जंतांच्या गोळ्या दुकानातून मनाने घेऊ नका. मेंदूत पट्टकृमीच्या गाठी असतील, तर गाठीतला कृमी मरताना सूज येऊन फिट येऊ शकते, म्हणून ते उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवेत. लघवीत रक्त दिसले, तर आधी स्टोन, संसर्ग, ट्यूमर यांचीच तपासणी होईल, आणि तेच योग्य. मात्र आफ्रिकेत नदी-तळ्यात उतरला असाल, मलावी सरोवरात पोहला असाल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. अशा वेळी अंडी शोधण्यासाठी लघवीचा नमुना सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत द्या, तेव्हा ती सर्वाधिक सापडतात.