कोब्याच्या पोटातली ओल

नाशिकला द्वारका चौकापासून थोड्या अंतरावर आमचे जुने घर आहे. मुंबई-आग्रा महामार्गाची घरघर तेथे रात्रंदिवस ऐकू येते. घराच्या बाजूला वडिलांनी फियाट ठेवण्यासाठी बांधलेले गॅरेज आहे. त्याची जमीन म्हणजे साधा कोबा: खाली काळी माती, तिच्यावर दगड आणि मुरूम, वर काँक्रीट आणि सर्वांत वर नुसत्या सिमेंटचा लेप देऊन घोटलेला गुळगुळीत थर. पन्नास-एक वर्षांत ह्या कोब्यावर तेलाचे डाग पडले, बारीक चिरा गेल्या, झाडताना धूळ निघू लागली. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मी तिला एपॉक्सी रंग द्यायचे ठरवले. मोटारींच्या दुकानांत आरशासारखी चकाकणारी जमीन तुम्ही पाहिली असेल. तशीच मला हवी होती.

रंगारी आला, उकिडवा बसला आणि त्याने बाटलीतले पाणी जमिनीवर शिंपडले. दाराजवळ पाणी मुरले, आत मात्र थेंब तसेच राहिले. तो म्हणाला, "सर, वरचा थर घासून काढावा लागंल, रंग धरणार नाही. आणि ह्याच्या पोटात ओल आहे. आधी ती बघू." मी हसलो. मे महिना, बाहेर ऊन रणरणते आहे, जमिनीवर पाय ठेवला तर कोरडी ठणठणीत, ओल कसली? घासण्याने घरभर धूळ होईल म्हणून तेही नको म्हटले. मी पदार्थविज्ञानाचा एम.एस्‌सी., वीस वर्षे केशाकर्षण शिकवतो आहे!

रंग सुरेख बसला. ऑगस्टमध्ये त्याला रुपयाएवढे फोड आले. एक फोडला तर आतून बुळबुळीत पाणी निघाले. मी रंगाऱ्याला दोष दिला, रंग हलका वापरला असे म्हटले आणि त्याचे उरलेले पैसे अडवून ठेवले. तो वाद न घालता निघून गेला.

आता ह्यातले विज्ञान पाहू. एपॉक्सी हा नेहमीच्या अर्थाने 'वाळणारा' रंग नाही. त्याचे दोन डबे येतात, एकात राळ आणि दुसऱ्यात ती कठीण करणारे द्रव्य. दोन्ही मिसळताच रासायनिक विक्रिया सुरू होते, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि एक अखंड जाळे तयार होते. हे जाळे पुन्हा वितळत नाही. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्टाँ आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली ह्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या राळांवर स्वतंत्रपणे काम केले. आपल्याला त्यांची ओळख असते ती दोन नळ्यांतल्या अ‍ॅराल्डाइटमुळे. विक्रियेत उष्णता बाहेर पडते. माझा रंगारी म्हणूनच एका वेळी थोडेच मिश्रण करी आणि लगेच जमिनीवर ओतून पसरवी. बादलीत ठेवले तर उष्णता आकारमानाच्या प्रमाणात निर्माण होते, पण बाहेर पडते ती फक्त पृष्ठभागातून. मग मिश्रण तापते, तापल्याने विक्रिया वेग घेते, आणि काही वेळाने बादलीत दगड! हे त्याला कोणी सूत्राने शिकवले नव्हते.

ह्या पदार्थाची पकड काय असते, त्याचे महाराष्ट्रातले उदाहरण सांगतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या वरच्या भागात भेगा पडल्या. त्या भेगांत एपॉक्सी राळ दाबाने भरून त्या सांधण्यात आल्या, आणि पुढे धरणाला पाठीमागून आधारही देण्यात आला. जी राळ धरणाच्या भेगा सांधते ती माझ्या गॅरेजात का हरली?

सुटलेले पापुद्रे उलटे करून पाहिल्यावर मला उत्तर मिळू लागले. गाडीच्या चाकांच्या वाटेवरच्या पापुद्र्यांच्या मागे करड्या सिमेंटचा पातळ थर चिकटलेला होता. म्हणजे रंगाने जमीन सोडलीच नव्हती; घोटलेला कमकुवत थर खालच्या काँक्रीटपासून सुटला होता. रंगारी घासून काढू म्हणत होता तो हाच थर. फोडांच्या जागी मात्र पापुद्र्याची मागची बाजू स्वच्छ आणि ओली होती.

ही ओल कोठून आली? केशनलिकेतील पाण्याची उंची तिच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते, हे तुम्ही शिकला आहात. प्रयोगशाळेतल्या अर्धा मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते. आता त्रिज्या एक मायक्रॉन घ्या आणि तेच सूत्र वापरा. उत्तर येते सुमारे १५ मीटर! काँक्रीटमध्ये अशी, आणि याहूनही बारीक, असंख्य छिद्रे असतात. प्रत्यक्षात ती वेडीवाकडी आणि तुटक असल्याने पाणी फार सावकाश चढते. पण खालच्या मातीतून अर्ध्या हातावर असलेल्या कोब्यापर्यंत यायला त्याला अडचण नसते.

मग मे महिन्यात जमीन कोरडी का वाटली? खालून जेवढे पाणी येत होते तेवढे वरून बाष्प होऊन जात होते, म्हणून. ती जमीन कोरडी नव्हती, सतत वाळत होती. ह्या दोन गोष्टींतला फरक मी वर्गात कधी सांगितला नव्हता, कारण माझ्याच ध्यानात आला नव्हता. वर केसाच्या जाडीएवढा अभेद्य पडदा ओढला आणि वाफेची वाट बंद झाली. पाणी सिमेंटमधले क्षार घेऊन पडद्याखाली साठले आणि पावसाळ्यात त्याने रंग उचलून धरला. फोडातले पाणी बुळबुळीत लागले ते ह्या अल्कधर्मी क्षारांमुळेच.

खात्री करण्यासाठी पुढच्या मे महिन्यात मी न रंगवलेल्या कोपऱ्यात ४५ सेंटिमीटर बाजूचा पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस बारीक थेंब होते आणि खालची जमीन काळपट दिसत होती. रंगाऱ्याचे म्हणणे त्या चौकोनात लिहिलेले होते. त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन राहिलेले पैसे दिले. त्याने ते मोजले नाहीत, चहा मागवला आणि विचारले, "सर, प्लॅस्टिक किती तास ठेवलं होतं?"

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. नव्या बांधकामात काँक्रीटखाली प्लॅस्टिकचा जाड कागद घातलेला असेल, किंवा जमीन वरच्या मजल्यावर असेल, तर एपॉक्सी खुशाल लावावा. कारखान्यांत त्याला तोड नाही. पण मातीवर बसलेल्या जुन्या कोब्याला, खाली काय आहे ते न तपासता, हा रंग देऊ नये. ओलीवर चालणारे खास अस्तर मिळते, असे कोणी म्हणेल. मिळते, पण ते किती लागेल हे ठरवायलाही आधी ओल मोजावीच लागते.

आणि शिक्षकबंधूंना एक विनंती. केशनलिका दाखवून झाल्यावर प्लॅस्टिकचा एक तुकडा आणि चिकटपट्टी घेऊन मुलांना शाळेच्या तळमजल्यावर सोडा. एक चौकोन ग्रंथालयात, एक व्हरांड्यात, एक पाण्याच्या टाकीजवळ, एक वरच्या मजल्यावर. तारीख, वेळ आणि निरीक्षण वहीत लिहू द्या, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्याच जागी पुन्हा तेच करू द्या. आम्ही कॉलेजात केले तेव्हा ज्या खोलीला सगळे कोरडी समजत होते, तिथलाच चौकोन सर्वांत आधी ओला झाला.

माझ्या गॅरेजातला रंग आता सगळा खरवडून काढला आहे. कोबा उघडाच आहे. तेलाचे डाग आहेत, धूळ आहे. पावसाळ्यात एका कोपऱ्याचा रंग थोडा गडद होतो आणि दिवाळीच्या सुमारास तो आपोआप फिका पडतो.