लाल दिवा लागला, म्हणून थर्मोस्टॅट?

गाडीच्या डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागला की बऱ्याच गॅरेजात एकच उत्तर मिळतं: "थर्मोस्टॅट बदलू." मग सेन्सर, मग रेडिएटर. बिल वाढतं, दिवा तसाच.

दिवा लागताच गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम असताना झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्याही वर तापलेलं असतं, चेहरा भाजेल. पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी बघा. कमी असेल तर गळती शोधा, नुसतं पाणी ओतत राहू नका. बाहेर गळती नाही, तरी कूलंट कमी होतोय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय? हेड गॅस्केटची शंका घ्या, गाडी चालवू नका.

पातळी ठीक असेल तर दिवा कधी लागतो, हे मेकॅनिकला नीट सांगा. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेवर निवते, तर आधी पंख्याचा फ्यूज, रिले आणि मोटर. उलट घाट चढताना तापते, तर चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप. काटा क्षणात वर उडतो आणि क्षणात खाली येतो? इंजिन इतक्या झटपट निवत नाही. वायर आणि कनेक्टर तपासायला सांगा.

सकाळी थंड इंजिनला स्कॅनर लावला तर तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. तेव्हाच ९० दिसले, तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या वायरचा.

थर्मोस्टॅटही काढून गरम पाण्यात तपासता येतो. बहुतेक ८२ ते ९० अंशांना उघडू लागतात. पातेलं मात्र स्वयंपाकघरातलं नको, कूलंट विषारी असतो.